दुभत्या गाई-म्हशींना यीस्ट द्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'दूध वाढवणारी पावडर' म्हणून यीस्ट आता गावोगावच्या खुराकाच्या दुकानांत पोचलं आहे. काही गोठ्यांत त्याचा चांगला फायदा दिसतो, काही ठिकाणी पिशवी संपते आणि बादलीत काहीच फरक पडत नाही. असं का होतं, हे समजून घेतल्याशिवाय यीस्टवर पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पशुपालक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर 'कोणत्या जनावराला द्यावं' आणि 'खर्च परवडतो का' हे दोन आधी वाचा.

यीस्ट म्हणजे नेमकं काय?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. पाव फुगवायला आणि बिअर बनवायला जी जात वापरतात, तीच सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ही जात पशुखाद्यातही वापरली जाते. मात्र पशुखाद्यासाठी तिचे वेगळे वाण निवडलेले असतात. हे हार्मोन नाही, औषध नाही, प्रतिजैविकही नाही. कारखान्यात ते बहुतेक वेळा साखर कारखान्याच्या मळीवर वाढवलं जातं, त्यामुळे शाकाहारी-मांसाहारी अशी शंकाही बाळगायचं कारण नाही.

जनावराच्या पोटात गेल्यावर ते करतं काय?

गाय वैरण स्वतः पचवत नाही, तिच्या कोटीपोटातले जिवाणू पचवतात. कोटीपोट म्हणजे पोटाचा पहिला, सर्वांत मोठा कप्पा, डॉक्टर ज्याला रुमेन म्हणतात. मोठ्या गाईत तो शंभर लिटरहून मोठा असतो. कडबा, नेपियर गवत, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) यांतला चोथा, म्हणजे तंतुमय भाग, फोडणारे जिवाणू तिथे राहतात, आणि त्यांना दोन गोष्टी सोसत नाहीत: प्राणवायू आणि आंबटपणा.

प्रत्येक घासासोबत आणि पाण्यासोबत थोडा प्राणवायू कोटीपोटात शिरतोच. जिवंत यीस्ट तो वापरून टाकतं, त्यामुळे चोथा फोडणारे जिवाणू जोमानं वाढतात. हे झालं पहिलं काम.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. भरडा, गोळी पेंड, गव्हाचं पीठ असा पिठूळ खुराक जास्त झाला की पोटात लॅक्टिक आम्ल साठतं. कोटीपोटाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, आंबटपणा तितका जास्त) साधारण ६ ते ६.८ असावा लागतो. तो रोज काही तास ५.८ च्या खाली राहायला लागला की चोथा फोडणारे जिवाणू सुस्तावतात आणि सारं गणित बिघडतं. लॅक्टिक आम्ल खाऊन संपवणारे वेगळे जिवाणूही पोटात असतात. यीस्टमुळे त्यांना जीवनसत्त्वं आणि इतर पोषक घटक मिळतात आणि त्यांची संख्या वाढते. त्यामुळे सामूचे चढउतार कमी होतात.

म्हणजे यीस्ट थेट दूध बनवत नाही. ते पोटातल्या जिवाणूंची सोय करतं, वैरण जास्त पचते, जनावर थोडं जास्त खातं, आणि मग दूध.

दूध किती वाढतं?

पिशवीवर 'दोन-तीन लिटर वाढ' लिहिलेलं असतं. तेवढ्यावर विसंबून खरेदी करू नका. परदेशात होल्स्टीन गाईंवर झालेल्या बऱ्याच प्रयोगांची एकत्रित सरासरी काढली, तर वाढ दिवसाला साधारण अर्धा ते सव्वा लिटर येते. त्या गाई दिवसाला तीस-पस्तीस लिटर देणाऱ्या, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडच्या पंधरा-वीस लिटरच्या संकरित गाईला अर्धा लिटर मिळाला तरी यीस्टनं काम केलं असं समजावं.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. विल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी दूध शिगेला पोचतं आणि मग दर महिन्याला हळूहळू उतरतं. यीस्टचा फायदा कधी कधी वाढीत नाही, तर या उतरणीचा वेग कमी होण्यात दिसतो. रोजचं दूध लिहून ठेवणाऱ्यालाच तो कळतो.

कोणत्या जनावराला द्यावं आणि कोणाला नको?

सगळ्यांत जास्त उपयोग होतो तो ताज्या विलेल्या, भरपूर दूध देणाऱ्या, भरपूर खुराक खाणाऱ्या संकरित गाईला. विण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करावं आणि विल्यावर पहिले शंभर दिवस तरी चालू ठेवावं. या काळात गाय गाभणपणाच्या साध्या वैरणीवरून अचानक सात-आठ किलो खुराकावर जाते. पोटातल्या जिवाणूंना एवढा बदल पेलायला वेळ लागतो आणि नेमकी तिथेच यीस्टची मदत होते.

दुसरा गट म्हणजे ज्यांचं खाणं वरचेवर बदलतं अशी जनावरं. आज नेपियर, उद्या वाढे (उसाचे हिरवे शेंडे), परवा मुरघासाची नवी बॅग, असं ज्या गोठ्यात चालतं तिथे यीस्टनं पोट बऱ्यापैकी सांभाळलं जातं.

आता नको कोणाला, ते सांगतो. दिवसाला सहा-सात लिटर देणारी, मुख्यतः कडब्यावर आणि चरण्यावर असलेली गाय, भाकड जनावर, बैल, ओढकामाची खिलार जोडी, यांच्या पोटात मुळात आंबटपणाचा प्रश्न नसतो. यांना यीस्ट देऊन अपाय होणार नाही, पण पैसे परत येणार नाहीत. हेच पैसे चांगल्या खनिज मिश्रणावर आणि जंतनाशकावर घाला.

आणि ज्या गोठ्यात जनावरांना दिवसातून दोनदाच पाणी दाखवलं जातं, तिथेही यीस्टवर पैसे घालू नका. पंधरा-वीस लिटर देणाऱ्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला ऐंशी ते शंभर लिटर पाणी लागतं. गव्हाणीशेजारी चोवीस तास पाणी ठेवलं तर येणारा फरक कोणत्याही पावडरीपेक्षा मोठा असतो, आणि तो एकदाच्या खर्चात मिळतो.

म्हशींना उपयोग होतो का?

होतो, पण गरज कमी असते. पंढरपुरी, नागपुरी किंवा गावठी म्हैस घरच्या वैरणीवर असेल तर यीस्टचा फारसा प्रश्न येत नाही. मोठ्या गोठ्यांतल्या मुऱ्हा, जाफराबादी म्हशींना सरकी पेंड, चुनी आणि भरडा भरपूर दिला जातो. अशा म्हशींना गाईप्रमाणेच द्यावं.

बाजारात 'जिवंत यीस्ट', 'यीस्ट कल्चर', 'यीस्ट पेशीभित्तिका' अशी वेगवेगळी नावं दिसतात. कोणतं घ्यावं?

तिन्ही वेगळी आहेत आणि दुकानदार बऱ्याचदा ती एकच म्हणून विकतो.

जिवंत यीस्टमध्ये सुकवलेल्या पण जिवंत पेशी असतात. पोटात गेल्यावर त्या जाग्या होऊन काम करतात. आंबटपणा आणि वैरणीचं पचन यांसाठी हे पहिल्या पसंतीचं.

यीस्ट कल्चर म्हणजे यीस्ट ज्या धान्याच्या माध्यमावर वाढवलं, त्या माध्यमासकट सुकवलेलं उत्पादन. यात जिवंत पेशींपेक्षा किण्वनात (आंबण्याच्या क्रियेत) तयार झालेले घटक महत्त्वाचे. त्याचाही उपयोग होतो, पण मात्रा जास्त लागते, आणि जिवंत पेशींची संख्या पाहून त्याची पारख करता येत नाही.

पेशीभित्तिका हे यीस्टचं नुसतं कवच. ते पचनासाठी नाही. आतड्यातले काही रोगजंतू आणि काही बुरशीविषं धरून ठेवण्यासाठी ते वापरतात. इथे एक सावधगिरी: अशी पावडर आहे म्हणून काळी बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड जनावराला घालू नये. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीविष दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात.

रोज किती द्यायचं?

ग्रॅम बघू नका, पेशी मोजा. लेबलवर 'सीएफयू' असं लिहिलेलं असतं, म्हणजे जिवंत पेशींची संख्या. मोठ्या दुभत्या जनावराला रोज साधारण १० ते ५० अब्ज जिवंत पेशी मिळाव्यात अशा मात्रा वापरात आहेत. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.

उदाहरण घेऊ. एका पिशवीवर लिहिलंय, प्रति किलो १,५०० अब्ज सीएफयू. म्हणजे एका ग्रॅमला दीड अब्ज. २० ग्रॅम दिलं तर ३० अब्ज मिळाले, ठीक आहे. दुसऱ्या पिशवीवर लिहिलंय, प्रति ग्रॅम २० अब्ज. इथे एक ग्रॅमसुद्धा पुरतो. दुसरी पिशवी किलोमागे कितीतरी महाग दिसेल, पण रोजचा खर्च कदाचित कमी निघेल. म्हणून दोन कंपन्यांची तुलना किलोच्या भावावर न करता एका जनावराच्या एका दिवसाच्या खर्चावर करावी.

जिवंत यीस्ट म्हणून विकलेल्या पिशवीवर सीएफयूचा आकडा, उत्पादनाची तारीख आणि मुदत छापलेली नसेल, तर ती दुकानातच ठेवून या. वाण क्रमांक दिला असेल तर उत्तम.

कशात मिसळून द्यावं? सकाळी की संध्याकाळी?

वेळेपेक्षा नियमितपणा महत्त्वाचा. यीस्ट कोटीपोटात कायमचं वस्तीला राहत नाही, साधारण एका दिवसात कमी होत जातं. म्हणून ते रोज द्यावं लागतं. आठवड्यातून एकदा मूठभर देऊन काही साधत नाही.

मात्रा लहान असते, त्यामुळे आधी मूठभर कोरड्या भरड्यात नीट कालवा आणि मग खुराकावर पसरा. पिशवीतून थेट गव्हाणीत टाकलं तर निम्मं वाऱ्यानं उडतं आणि उरलेलं एकाच जनावराच्या तोंडी जातं.

आपल्याकडे बऱ्याच घरांत सरकी किंवा भरडा शिजवून आंबोण करतात. वाफाळत्या आंबोणात यीस्ट टाकलं की ते तिथल्या तिथे मरतं. आंबोण कोमट झाल्यावर, बोट सहज बुडवता येईल इतकं निवल्यावरच यीस्ट मिसळा. पेंड रात्रभर भिजवत असाल तर यीस्ट रात्री टाकू नका, सकाळी खायला देताना टाका. भिजलेल्या पेंडीत ते रात्रीच काम सुरू करतं आणि पेंड आंबते.

गोळी पेंडीतच यीस्ट घातलेलं असतं म्हणे. मग वेगळं कशाला?

गोळी तयार होताना वाफेनं बरीच तापते आणि साधं जिवंत यीस्ट त्यात बहुतांशी मरतं. उष्णतेपासून बचाव करणारा लेप दिलेलं यीस्ट काही कंपन्या वापरतात. कंपनीला थेट विचारा: गोळी बनवल्यानंतर जिवंत पेशी किती उरतात? उत्तर आकड्यात मिळालं तर वेगळं घेऊ नका. गोलमाल उत्तर मिळालं तर ते यीस्ट जमेला धरू नका.

बेकरीचं यीस्ट स्वस्त पडतं. तेच दिलं तर?

जात एकच असली तरी वाण वेगळे. बेकरीचं यीस्ट साखरेतून झटपट वायू बनवण्यासाठी निवडलेलं असतं, कोटीपोटात टिकून काम करण्यासाठी नाही. थोडंसं दिल्यानं जनावर आजारी पडणार नाही, पण मात्रा आणि परिणाम दोन्हींची खात्री नाही. माझा सल्ला, या वाटेला जाऊ नका. आणि बेकरीतलं उरलेलं, फुगलेलं मळलेलं पीठ जनावराला कधीच घालू नका. ते पोटात आणखी आंबतं, फुगतं.

आम्ही बिअरचा चोथा देतो. त्यात यीस्ट असतंच ना?

नाही. बिअर कारखान्यातून येणारा ओला चोथा हा बार्लीचा असतो. बार्लीतली साखर पाण्यात उतरवून घेतली की चोथा बाजूला काढतात, आणि यीस्ट त्यानंतर उरलेल्या गोड पाण्यात टाकतात. त्यामुळे चोथ्यात ते नसतं. चोथा म्हणून तो वाईट नाही, कोरड्या वजनावर त्यात प्रथिनं चांगली असतात. पण त्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं, म्हणजे एवढ्या लांबून गाडी भरून आणायची ती मुख्यतः पाण्याची. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी धरते.

मक्यापासून किंवा तांदळापासून इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांतून येणाऱ्या डीडीजीएसमध्ये (इथेनॉल काढून उरलेल्या, सुकवलेल्या धान्याच्या चोथ्यात) मात्र मेलेलं यीस्ट असतं. प्रथिनांत त्याची भर पडते, पण जिवंत यीस्टचं काम ते करत नाही. आणखी एक गोष्ट: इथेनॉल काढताना धान्यातला पिठूळ भाग निघून जातो आणि धान्यात बुरशीविष असेल तर ते उरलेल्या मालात साधारण तिप्पट घट्ट होतं. तपासणीचा दाखला असलेलाच माल घ्या.

मुरघास करताना यीस्ट टाकलं तर मुरघास लवकर तयार होईल का?

कृपा करून टाकू नका. मुरघासासाठी लागतात ते लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, आणि ते पूरक कल्चर वेगळं मिळतं. मुरघासात यीस्ट शत्रूच आहे. बॅग किंवा खड्डा उघडला की हवा शिरते, रानटी यीस्ट जागं होतं, मुरघास टिकवणारं आम्लच खाऊन टाकतं, आणि मग बुरशीला रान मोकळं होतं.

हे ओळखायला सोपं आहे. उघडलेल्या तोंडापासून हातभर आत हात घाला. आतला मुरघास हाताला गरम लागला, त्याला गोडसर दारूसारखा वास आला, तर यीस्टनं कब्जा घेतला आहे. यावर उपाय पावडर नाही. खड्ड्याचं तोंड लहान ठेवायचं, रोज सरळ उभा थर काढायचा, कुट्टी भरताना दाबून दाबून भरायची आणि कागद घट्ट लावायचा.

खाण्याचा सोडा देतोच आहोत. मग यीस्ट कशाला?

सोडा तयार झालेलं आम्ल मारतो. यीस्ट आम्ल साठू नये यासाठी काम करतं. दोन्हींची कामं वेगळी आहेत, एकत्र दिले तरी चालतात. भरपूर खुराक खाणाऱ्या गाईला दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम सोडा सर्रास देतात. पण एका गाईला सोडाही लागतो, यीस्टही लागतं आणि तरी शेण पातळच, अशी वेळ आली असेल तर खुराक जास्त आणि वैरण कमी आहे, हे मान्य करून तिथे दुरुस्ती करावी.

डेअरीत फॅट लागत नाही. यीस्टनं फॅट वाढेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि साहजिक आहे. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, त्याखाली गेलं की कपात सुरू.

आधी फॅट का पडलं ते शोधा. कारण आंबटपणा असेल, तर यीस्टनं फॅट सुधारू शकतं, कारण दुधातल्या फॅटचा मोठा हिस्सा वैरणीच्या चोथ्यापासून पोटात तयार होणाऱ्या आम्लांतून बनतो. चोथा पचला नाही तर फॅट कुठून येणार?

आंबटपणा आहे की नाही, हे प्रयोगशाळेत न जाता गोठ्यात बसून बरंचसं कळतं. दुपारी, खाऊन झाल्यावर दोन तासांनी गोठ्यात शांत उभे राहा. बसलेल्या दहा गाईंपैकी पाच-सहा तरी रवंथ करताना दिसायला हव्यात. एक गाय निवडा आणि रवंथाचा एक घास ती किती वेळा चावते ते मोजा. पन्नास ते सत्तर वेळा चावली तर उत्तम. चाळीसच्या खाली असेल तर वैरणीत लांब धागा कमी पडतो आहे.

मग शेण बघा. चांगलं शेण खाली पडल्यावर दोन-तीन बोटं उंचीची थापी होते, मध्ये थोडा खळगा. पातळ पसरणारं, चकचकीत, बुडबुडे असलेलं शेण पोट बिघडल्याचं लक्षण. ओंजळभर शेण पिठाच्या जाड चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. मक्याचे अख्खे दाणे, सरकीचे तुकडे, बोटाच्या पेराएवढे वैरणीचे धागे चाळणीत राहिले, तर पैसे न पचता उकिरड्यावर जात आहेत. यीस्ट सुरू करायच्या आधी एकदा आणि महिन्यानं पुन्हा एकदा ही चाळणी करा. ज्यांनी ती एकदा करून पाहिली, ते मग दूध कमी झालं की आधी शेण बघतात.

आता फॅट पडण्याची इतर कारणं. कुट्टी इतकी बारीक केली की ती भुग्यासारखी झाली. ताजी विलेली गाय भरपूर दूध देते तेव्हा फॅट पातळ पडतंच. धार पूर्ण काढली नाही, कारण सर्वांत जास्त फॅट शेवटच्या धारांत असतं. म्हशीच्या बाबतीत तर आपण धार काढून शेवटचं पारडाला सोडतो आणि सगळं फॅट पारडू पितं. यांपैकी एकाही कारणावर यीस्टचा उपाय नाही.

एसएनएफचं म्हणाल तर ते बहुधा ऊर्जा कमी पडल्यानं घसरतं. यीस्टनं पचन सुधारलं तर थोडी मदत होते, पण पोटभर खाणं हाच खरा उपाय.

ऊसपट्ट्यात गळीत हंगामात वाढेच असतात. त्यावर यीस्ट चालेल?

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागांतून हा प्रश्न येतो. वाढ्यांत प्रथिनं फार कमी आणि ऑक्झॅलेट जास्त. ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम अडवतं. यीस्ट जिवाणूंना मदत करतं, पण जिवाणूंना वाढायला नत्र लागतंच. नुसत्या वाढ्यांवर यीस्ट देणं म्हणजे मजुरांना बोलावून हत्यारं न देणं. आधी लसूणघास किंवा पेंड देऊन प्रथिनं भरून काढा, खनिज मिश्रण रोज द्या, वाढ्यांची कुट्टी करून त्यात थोडा कडबा मिसळा. मग यीस्टचा विचार करा.

उन्हाळ्यात द्यावं का?

हो, आणि संकरित जनावरांना आवर्जून. एप्रिल-मेच्या उन्हात जनावर वैरण सोडतं आणि खुराक तेवढा खातं. धापा टाकल्यानं लाळ गळून जाते, आणि पोटातला आंबटपणा मोडणारा नैसर्गिक सोडा त्या लाळेतच असतो. त्यामुळे उन्हाळ्यात आंबटपणा वाढतो आणि दूध-फॅट दोन्ही पडतात. या काळात यीस्टचा उपयोग इतर महिन्यांपेक्षा जास्त दिसतो. सोबत वैरण पहाटे आणि रात्री द्या, सावली आणि फॉगर-पंखे यांची व्यवस्था करा.

पोळ्याला बैलानं पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या, किंवा गाय धान्याच्या पोत्यावर तुटून पडली. यीस्ट पाजावं का?

नाही. इथे वेळ घालवू नका. पोळा, वसुबारस, लग्नातला उरलेला भात, सुटलेलं दावं आणि उघडी राहिलेली पोती, यांमुळे दरवर्षी जनावरं दगावतात. पोट डबडबलेलं, रवंथ बंद, आंबट वासाचं पातळ शेण, दात खाणं, डोळे खोल जाणं, बसल्यावर न उठणं, ही तीव्र आम्लतेची लक्षणं. यीस्ट ही अनेक दिवस द्यायची गोष्ट आहे, तासाभरात जीव वाचवायची नाही.

खाणं ताबडतोब काढून घ्या आणि पशुवैद्यकाला बोलवा. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मिळते. ताक पाजू नका, त्यातही लॅक्टिक आम्लच असतं. जबरदस्तीनं नळीनं काही ओतू नका, ते श्वासनलिकेत गेलं तर दुसरं संकट.

वासरांना आणि शेळ्यांना?

वासरू काफ स्टार्टर (वासरांचा सुरुवातीचा खुराक) खायला लागलं की त्यात थोडं यीस्ट चालतं. कोटीपोट तयार व्हायला आणि हगवण कमी व्हायला काही प्रमाणात मदत होते. पण वासरासाठी पहिल्या तासाभरात पोटभर चीक, हे आधी. शेळ्यांना मका भरडा भरपूर देऊन पोसत असाल तरच द्या, मात्रा लेबलप्रमाणे.

यीस्ट दुधात उतरतं का? दूध लवकर नासेल का?

नाही. यीस्ट पोटात आणि आतड्यात काम करतं, कासेपर्यंत जात नाही. दुधाला वास येत नाही, दही-लोण्यावर परिणाम होत नाही. दूध फाटतं ते अस्वच्छ भांडी, न धुतलेले सड आणि उशिरा थंड केल्यामुळे. यीस्ट देताना दूध डेअरीला घालणं थांबवावं लागत नाही.

काही गिऱ्हाईक 'पान्ह्याच्या इंजेक्शनासारखंच काहीतरी देता का' असं विचारतात. त्यांना निःसंकोच सांगा, दोन्हींचा काडीचाही संबंध नाही. ऑक्सिटोसिन टोचून दूध काढणं बेकायदेशीर आहे आणि जनावराला त्रासदायक. यीस्ट हा खाद्याचा भाग आहे.

प्रतिजैविकं चालू असताना द्यावं का?

चालेल. प्रतिजैविकं जिवाणूंवर काम करतात, यीस्ट ही बुरशी असल्यानं ती मरत नाही. दगडी (कासेची सूज) झालेल्या किंवा वार अडकलेल्या गाईला उपचारानंतर पोट पूर्ववत व्हायला यीस्टची मदत होते.

पिशवीतलं यीस्ट खरंच जिवंत आहे का, हे घरी कसं तपासायचं?

काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास कोमट पाणी घ्या, मनगटावर टाकलं तर गरम लागू नये इतकंच. त्यात चमचाभर साखर विरघळवा आणि चमचाभर यीस्ट टाकून हलवा. पंधरा-वीस मिनिटांत वर फेस जमला आणि पावाचा वास आला तर यीस्ट जिवंत आहे. किती जिवंत आहे, हे मात्र यावरून कळत नाही. खनिजं किंवा भुसा मिसळलेल्या पावडरीत फेस कमी येतो, आणि यीस्ट कल्चरला ही परीक्षा लागू नाही.

पिशवी उन्हाच्या खोलीत, पत्र्याखाली किंवा गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात ठेवू नका. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या थंड जागी ठेवा. खनिज मिश्रणात कालवून महिनाभराचा साठा करून ठेवू नका, मिठामुळे आणि क्षारांमुळे पेशी मरत जातात. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून सहा महिन्यांचा माल घेण्यापेक्षा महिन्याची लहान पिशवी घ्या.

खर्च परवडतो का?

हिशेब करू. समजा यीस्टचा रोजचा खर्च जनावरामागे ८ रुपये आणि दुधाला मिळणारा भाव लिटरमागे ३२ रुपये. पाव लिटर दूध वाढलं की खर्च निघाला. गाय जास्त खाते त्या वैरणीचा खर्च धरला तर साधारण ३५०-४०० मिली वाढ हवी. अर्धा लिटर वाढला तर फायदा, आणि ०.२ फॅट वाढलं तर आणखी. पंधरा लिटरच्या गाईला हे जमतं. सहा लिटरच्या गाईला जमत नाही. स्वतःच्या पिशवीचा आणि स्वतःच्या डेअरीचा भाव यात घालून बघा. ज्या आठवड्यात दुधाचे दर पडतात, त्या आठवड्यात हा हिशेब पुन्हा करा.

फरक पडला की नाही, खात्रीनं कसं कळेल?

यीस्ट सुरू करताना दुसरं काहीही बदलू नका. नवी पेंड, नवं खनिज मिश्रण आणि यीस्ट एकाच आठवड्यात सुरू केलं तर दूध कशानं वाढलं हे कधीच कळणार नाही, आणि विक्रेता श्रेय घेऊन जाईल.

दहा-बारा गाई असतील तर वेत, विल्याची तारीख आणि दूध साधारण सारखं असलेल्या गाईंचे दोन गट करा. एका गटाला यीस्ट, दुसऱ्याला नाही. बाकी सगळं एकसारखं. सुरुवातीचा आठवडा दोन्ही गटांचं दूध नुसतं लिहा, मग चार आठवडे यीस्ट द्या. पोट जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून पाचव्या दिवशी निकाल लावू नका. दोन्ही वेळचं दूध, डेअरीच्या पावतीवरचं फॅट-एसएनएफ आणि शेणाची नोंद वहीत ठेवा. दोन गटांतला फरक खर्चापेक्षा जास्त असेल तर सगळ्यांना सुरू करा, नसेल तर थांबवा.

गाई दोन-तीनच असतील तर चार आठवडे देऊन दोन आठवडे बंद करा. बंद केल्यावर दूध नेहमीच्या उतरणीपेक्षा जास्त घसरलं आणि पुन्हा दिल्यावर सावरलं, तर यीस्ट काम करत होतं.

बंद करताना हळूहळू कमी करावं का?

गरज नाही, सवय लागत नाही. फक्त खुराक बदलण्याच्या आठवड्यात, विण्याच्या तोंडावर किंवा ऐन उन्हाळ्यात बंद करू नका. दूध दहा लिटरच्या खाली उतरलं आणि खुराकही कमी केला, की त्या गाईचं यीस्ट थांबवून पुढच्या विणाऱ्या गाईला सुरू करा.